इतरांच्या डोक्यात जाणाऱ्या सवयी: पहिल्यांदाच सोबतीनं राहणाऱ्यांसाठी

पहाटे साडेपाचला माझ्या रूममेटचा अलार्म वाजायचा. तो उठायचा नाही. हात लांब करून फोन गप्प करायचा आणि कुशीवर वळायचा. नऊ मिनिटांनी पुन्हा तोच सूर. असं सहा-सात वेळा. मला साडेसातला उठलं तरी चालण्यासारखं होतं, पण साडेपाचपासून मी छताकडे बघत पुढच्या अलार्मची वाट पाहत पडलेला असायचो. वाजण्यापेक्षा ती मधली नऊ मिनिटंच जास्त छळायची. चार महिने मी त्याला एका शब्दानं काही बोललो नाही. मग एका संध्याकाळी त्यानं ओला टॉवेल माझ्या खुर्चीवर टाकला आणि मी इतका ओरडलो की तो गांगरून गेला. टॉवेलसाठी एवढं? त्याला कळेचना. कळणार तरी कसं, भांडण टॉवेलचं नव्हतंच.

त्यानंतर मी बऱ्याच जणांसोबत राहिलो, बऱ्याच जणांच्या शेजारच्या टेबलावर बसून काम केलं. अलार्म, पेनाची टकटक, दार आपटणं, स्पीकरवर फोन, न विचारता वस्तू वापरणं, दिवा चालू ठेवून निघून जाणं, बोलताना मध्येच तोडणं, हे सगळं वाट्याला आलं. यातली एकही गोष्ट एवढी मोठी नाही की तिच्यावरून कुणाशी संबंध तोडावेत. पण रोज थोडं थोडं साचत गेलं की याच गोष्टी चांगल्या माणसांमध्ये कायमची अढी निर्माण करतात. तुम्ही पहिल्यांदाच घराबाहेर पडून वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत किंवा नव्या ऑफिसात इतरांसोबत दिवस काढायला लागला असाल, तर मी चार महिने वाया घालवले तसे तुम्ही घालवू नका. खाली क्रमानं सांगतोय त्याच क्रमानं करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण थेट पाचव्या पायरीवर उडी मारतात, तीही चिडलेल्या अवस्थेत.

पायरी १: नेमकं काय खुपतंय ते लिहून काढा

‘तो फार बेशिस्त आहे’ ही नोंद नव्हे, हा निकाल झाला. ‘मंगळवारी रात्री साडेअकरानंतर मोठा दिवा पाऊण तास चालू होता’ ही नोंद. चार-पाच दिवस एवढंच करा: काय झालं, कधी, किती वेळ, आणि तेव्हा तुमची स्वतःची अवस्था कशी होती. झोप झाली होती का, पोटात काही होतं का, दिवसभरात दुसऱ्या कुणी डोकं फिरवलं होतं का.

हे लिहिल्यावर दोन गोष्टी हमखास होतात. एक, ‘रोज’ आणि ‘नेहमी’ हे शब्द गळून पडतात. ऑफिसात माझ्या मागे बसणारे एक गृहस्थ ‘दिवसभर’ घसा खाकरतात अशी माझी खात्री होती. मोजलं तर ते सकाळच्या पहिल्या तासात आठ-दहा वेळा आणि नंतर जवळपास नाहीच. दोन, आपल्याला नेमका त्रास कशाचा होतो ते उघडं पडतं. दिवा चालू राहण्यापेक्षा तो थेट डोळ्यांवर येतो हा त्रास असेल, तर उपाय फार सोपा निघतो.

काम झालं की तो कागद फाडून टाका. समोरच्याच्या गुन्ह्यांची वही ठेवायची नाहीये. अशी वही सापडली तर तिचं स्पष्टीकरण देता येत नाही.

पायरी २: एवढीशी गोष्ट एवढी का लागते ते समजून घ्या

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते. ‘एवढ्यावरून मी चिडतोय म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय’ असं वाटून तो गप्प बसतो. म्हणून इथे थोडं थांबू या.

१९७० च्या सुमारास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी गोंगाटावर प्रयोग केले. लोकांना काम करताना टाइपरायटरची खडखड, यंत्रांची घरघर, न कळणाऱ्या भाषेतलं बोलणं असा एकत्र केलेला कर्कश आवाज ऐकवला. काहींना तो ठरावीक वेळानं ऐकवला, काहींना कधीही, अचानक. आवाज तेवढाच असूनही अचानक येणाऱ्या आवाजानं लोक नंतरच्या कामात जास्त ढेपाळले. मग त्यांनी काही जणांना एक बटण दिलं. ते दाबलं की आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगितलं. या मंडळींनी बटण दाबलं नाही, आवाज तेवढाच ऐकला, तरीही नंतरच्या कामात ती कितीतरी जास्त चिकाटीनं टिकली. बटण हाताशी आहे, एवढं ठाऊक असणं पुरलं.

माझ्या त्या नऊ मिनिटांचा उलगडा मला हे वाचल्यावर झाला. मला अलार्मनं जेवढं दमवलं नाही तेवढं ‘आपल्या हातात काहीच नाही’ या भावनेनं दमवलं. आणि ती भावना मी स्वतःच तयार केली होती, कारण ‘जरा बंद करतोस का’ हे विचारायचं बटण माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. या लेखातली पुढची प्रत्येक पायरी त्या बटणाबद्दल आहे. ते हाताशी आणायचं. रोज दाबायचं नाही.

असंच एक कोडं शेजाऱ्याच्या फोनचं. दोन माणसं समोरासमोर गप्पा मारत असतील तर आपण काम करू शकतो, पण एकटा माणूस फोनवर बोलत असला की लक्ष लागत नाही. लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे तपासलं. संभाषणाची एकच बाजू कानावर पडते तेव्हा लक्ष द्यायच्या कामात चुका वाढतात, पूर्ण संभाषण ऐकताना तसं होत नाही. अर्धवट बोलण्यात पुढे काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून मन तिकडे ओढलं जातं. म्हणजे तुम्ही चोंबडे नाही. कान तसेच बनलेले आहेत.

आणखी एक. अमेरिकेतले मायकेल कनिंगहॅम हे मानसशास्त्रज्ञ अशा बारीक त्रासांना ‘सोशल अॅलर्जन’, म्हणजे सहवासात अॅलर्जी उठवणाऱ्या गोष्टी, म्हणतात. ही उपमा मला फार नेमकी वाटते. पहिल्या वेळी साधी शिंक येते, आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की अंगभर पुरळ उठतं. ‘सवय होईल हळूहळू’ असं घरचे सांगतात. काही गोष्टींची होते, पण बऱ्याच गोष्टींची उलटी वाढते. पंख्याची घरघर आठवड्यात ऐकू येईनाशी होते, दुसऱ्याचं सुर्र सुर्र नाक ओढणं मात्र दर दिवसागणिक मोठं होत जातं.

आता एक वेगळी गोष्ट, जी तुमच्यापैकी थोड्यांनाच लागू असेल. कुणाच्या चावण्याचा, गिळण्याचा, श्वासाचा आवाज आला की तुमच्या अंगात अक्षरशः संताप उसळत असेल, छाती धडधडत असेल, उठून पळून जावंसं वाटत असेल, तर त्याला मिसोफोनिया म्हणतात. हा शब्द मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ यांनी २००१ मध्ये रूढ केला. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी अशा लोकांच्या मेंदूची स्कॅन करून पाहिली, तेव्हा भावना आणि शरीराच्या संवेदना यांची सांगड घालणारा मेंदूतला एक भाग त्या आवाजांना इतरांपेक्षा फार तीव्र प्रतिसाद देताना दिसला. म्हणजे हे नखरे नव्हेत. असं असेल तर कानांच्या तज्ज्ञाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, आणि सोबतच्यांना सांगताना ‘तू मचमच करतोस’ असं न म्हणता ‘मला या आवाजांचा त्रास आहे’ असं सांगा. तेच खरंही आहे.

पायरी ३: तीन ढीग करा

पहिल्या ढिगात झोप, तब्येत, सुरक्षितता आणि पैसे. शेगडी चालू ठेवून बाहेर जाणं, बंद खोलीत सिगारेट ओढणं, रात्री दोनला मोठ्यानं व्हिडिओ लावणं, उसने घेतलेले पैसे विसरणं. यावर बोलायचंच, त्याच आठवड्यात.

दुसऱ्या ढिगात रोजची घासाघीस: भांडी तशीच ठेवणं, मोरीत केस, फोनचा चार्जर उचलून नेणं. यावरही बोलायचं, पण यातलं काय तुम्ही स्वतःच सोडवू शकता ते आधी बघायचं. ते चौथ्या पायरीत येतं.

तिसऱ्या ढिगात नुसतं न आवडणं. तो बोटं मोडतो, ती स्वतःशी पुटपुटते, कुणी हसताना टाळी मागतं. हा ढीग बाजूला ठेवून द्या. बोटं मोडण्यावरून कुणी ‘सांधे जातील’ असा धाक घालत असेल तर तोही घालू नये. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नासहून जास्त वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. पुढे दोन्ही हात ताडून पाहिले तर संधिवात कुठल्याच हाताला नव्हता. १९९८ मध्ये त्यांनी हे वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून कळवलं. एका माणसावरचा प्रयोग म्हणजे अंतिम पुरावा नव्हे, पण आपल्या नावडीला आरोग्याचा मुखवटा चढवू नये एवढं त्यावरून शिकण्यासारखं आहे.

कोणती गोष्ट कुठल्या ढिगात जाते हे ठरत नसेल तर स्वतःला विचारा, हेच माझ्या जिवलग मित्रानं केलं असतं तर मला खुपलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं तर सवयीत फारसं काही नाही, माणसाविषयीच मन कलुषित झालंय. नावडतीचं मीठ अळणी. तसं असेल तर मूळ राग कुठला आहे तो शोधा, मिठावर बोलू नका.

आपल्या म्हणीत आणखी एक नेमकी गोष्ट आहे: आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी दार आपटलं तर वाऱ्यानं आपटलं, त्यानं आपटलं तर तो उद्धट. माणसाच्या वागण्यामागची परिस्थिती न बघता थेट त्याच्या स्वभावावर बोट ठेवायच्या या खोडीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये मानसशास्त्रात नाव दिलं. आपल्याकडे ती म्हण आधीपासूनच आहे. ढीग करताना ती आठवत राहा.

पायरी ४: बोलण्याआधी वस्तूंकडे बघा

बिजागरीला तेलाचे दोन थेंब, खुर्चीच्या पायांना फेल्टचे (जाड, मऊ कापडाचे) तुकडे, दाराच्या चौकटीला रबरी पट्टी. अर्ध्या तासाचं काम आणि तीन भांडणं मिटतात. टेबल फिरवून पाठ दुसऱ्या बाजूला केली की समोरच्याचा हलणारा पाय दिसेनासा होतो, आणि न दिसणारा पाय खुपत नाही.

इअरप्लग बहुतेक जण चुकीचे घालतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून फेकून देतात. फोमचा प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. मग प्लग आत सरकवून अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा, तो फुगून नळी भरेपर्यंत. नीट बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा येतो. हात स्वच्छ असू द्या, आणि प्लग मळला की बदला. घोरण्यावर यांचा उपयोग बऱ्यापैकी होतो. मात्र सोबतचा घोरताना मध्येच श्वास थांबून दचकून उठत असेल, दिवसा पेंगत असेल, तर ते चिडण्याचं कारण नाही, त्याला डॉक्टरकडे पाठवण्याचं आहे. झोपेत श्वास अडकण्याचा तो आजार असू शकतो आणि ज्याला असतो त्याला स्वतःला तो बहुतेकदा कळत नाही. सोबत झोपणाराच सांगू शकतो.

सामाईक वस्तूंचं एक सांगून ठेवतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका संशोधन संस्थेत वैज्ञानिकांनी ७० चमच्यांवर गुपचूप खुणा करून ते वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले आणि पाच महिने मोजदाद केली. ५६ चमचे नाहीसे झाले. सगळ्यांच्या वापराच्या खोल्यांतून ते एकेका गटाच्या खोल्यांपेक्षा लवकर गेले. हा अहवाल २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. सुशिक्षित, सज्जन माणसांच्या संस्थेतली ही गत. म्हणून तुमची कात्री गायब झाली की चोर शोधू नका. ज्याच्यावर तुमचा जीव आहे ती वस्तू आपल्या खणात ठेवा, आणि जी बाहेर ठेवाल ती जाणार हे धरून ठेवा.

पण या पायरीला एक मर्यादा घाला. कुणाच्या सवयीपायी तुम्ही तुमची झोपायची वेळ, आंघोळीची वेळ, बसायची जागा सगळंच मुकाट्यानं बदलत चालला असाल तर तो समजूतदारपणा नाही. ते आतल्या आत धुमसणं आहे, आणि समोरच्याला त्याचा पत्ताही नाही.

पायरी ५: सांगा

इथे सगळ्यांची गाडी अडते. कारण एकच, भीड. ‘त्याला काय वाटेल’, ‘लहान गोष्ट आहे’, ‘आजच सांगायला कसं बरं दिसेल’. भीड भिकेची बहीण, असं आपले जुने लोक म्हणत. भिडेपोटी गप्प बसलेला माणूस शेवटी टोमण्यात तरी बोलतो, नाहीतर स्फोटात. मी दोन्ही केलं आहे. दोन्हींत समोरच्यानं माझा मुद्दा ऐकलाच नाही, त्याला फक्त माझा सूर ऐकू आला.

आधी वेळ. सवय लक्षात आल्यापासून आठवडाभरात सांगा. पहिल्या आठवड्यात ती दोन वाक्यांची गोष्ट असते, चौथ्या महिन्यात तिचा पंचनामा होतो. शिवाय उशिरा सांगितलं की ऐकणाऱ्याला दुहेरी लागतं, सवयीचं वाईट वाटतं आणि ‘इतके दिवस हा मनात धरून होता’ याचंही. घडत असताना सांगू नका, तुम्ही तापलेले असता. तो बाहेर पडायच्या घाईत असताना नको, इतरांसमोर तर अजिबात नको. दोघंही निवांत असताना, शक्यतो शेजारी शेजारी चालताना किंवा काही काम करताना. समोरासमोर बसून ‘जरा बोलायचं होतं’ म्हटलं की ऐकणारा आधीच घाबरतो.

मग वाक्य. त्यात तीन गोष्टी हव्यात: काय घडतं, माझं काय होतं, आणि काय केलं तर बरं. स्वभाव, संस्कार, घरचं वळण यांचा उल्लेख नको.

‘तुला दुसऱ्याच्या झोपेची काही पडलेलीच नाही’ यातून भांडणच निघणार. ‘अरे, तुझा अलार्म साडेपाचपासून पाच-सहा वेळा वाजतो ना, मला मग परत झोप लागत नाही. एकदाच लावशील का? नाहीतर फोन खोलीच्या त्या टोकाला ठेव, म्हणजे उठावंच लागेल’ यातून बहुतेक वेळा ‘अरे, आधी नाही का सांगायचंस’ एवढंच निघतं.

वयानं मोठ्या माणसाला सांगताना तक्रारीपेक्षा मदत मागितलेली बरी. वरच्या मजल्यावरचे काका पहाटे फर्निचर सरकवत असतील तर: ‘काका, एक विनंती होती. माझं काम रात्री उशिरापर्यंत चालतं, सकाळी नऊपर्यंत झोपतो. त्या वेळात खुर्च्या सरकवल्या की खाली फार जाणवतं. पायांना लावायला मी हे फेल्ट आणलेत, लावून देऊ का?’ हे मी केलेलं आहे. काकांनी लावू दिले, वर स्वतःहून सांगितलं की रेडिओचा आवाज लागत असेल तर तेही कळव.

साहेबांना सांगायचं असेल तर कामाच्या भाषेत सांगा: ‘सर, स्पीकरवर कॉल सुरू असला की माझ्या आकड्यांत चुका होतात. तेवढा वेळ मी मीटिंगच्या खोलीत बसलो तर चालेल?’ त्यांची सवय बदला असं म्हणायची गरज नाही, चांगला साहेब स्वतःच हेडफोन लावतो.

काय करू नये हेही सांगतो, कारण नवखे लोक हेच आधी करतात. चिठ्ठी चिकटवू नका. सहीशिवायची चिठ्ठी तर मुळीच नको, ती वाचणारा प्रत्येक जण प्रत्येकावर संशय घेतो. ‘सगळ्यांचंच असं म्हणणं आहे’ असं म्हणू नका, त्याला वाटेल पाठीमागे सभा भरली होती. ग्रुपवर ‘काही लोकांना कळत नाही’ छापाचा मेसेज टाकू नका. एका वेळी एकच गोष्ट काढा. आणि सांगून झाल्यावर गप्प बसा. ही शेवटची सूचना अवघड आहे. सांगितल्यावर जी शांतता पसरते ती भरून काढायला आपण ‘तसं काही विशेष नाही, राहू दे’ म्हणून स्वतःचं बोलणं स्वतःच पुसून टाकतो. तीन श्वास थांबा. त्याला उत्तर देऊ द्या.

उत्तरात उलट तक्रार आली तर ती ऐका. ‘तूही रात्री उशिरापर्यंत टाइप करत बसतोस’ म्हणाला तर वकिली करू नका. ‘बरं, दहानंतर मी बाहेर बसतो’ म्हणा. एका हातानं टाळी वाजत नाही आणि देवाणघेवाण झाली की दोघांनाही ती पाळावीशी वाटते.

पायरी ६: सांगितल्यानंतरचे दोन महिने

दुसऱ्या दिवशी अलार्म पुन्हा तीनदा वाजेल. वाजणारच. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला. एखादी नवी कृती अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत तो १८ पासून, गणितानं बांधलेल्या अंदाजानुसार, २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. सांगताना ‘असं करू नकोस’ पेक्षा ‘त्याऐवजी असं कर’ म्हणावं, कारण अंगवळणी काहीतरी पडायला लागतं, नुसतं न करणं अंगवळणी पाडणं फार कठीण. आणि मधल्या काळात आठवण कशी द्यायची हे त्याच्याशीच ठरवून घ्यावं. आम्ही ठरवलं होतं की अलार्म दुसऱ्यांदा वाजला तर मी माझी उशी त्याच्या पलंगावर टाकायची. एक शब्द नाही, चिडचिड नाही. पहिल्या पंधरवड्यात उशी रोज जायची, मग आठवड्यातून एकदा.

बदल दिसला की बोलून दाखवा. ‘आज छान झोप लागली रे’ एवढं पुरे.

पायरी ७: कामांच्या वाटपाचे आकडे तोंडी ठेवू नका

‘सगळं मीच करतो’ असं तुम्हाला वाटत असेल तर समोरच्यालाही नेमकं तसंच वाटतंय हे धरून चाला. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला, तर दोघांचे मिळून शंभर टक्क्यांच्या वर गेले. कुणी खोटं बोलत नव्हतं. स्वतः घासलेलं भांडं आठवतं, दुसऱ्यानं घासलेलं आपण बघितलेलंच नसतं. म्हणून कोणतं काम कुणाचं हे भिंतीवर लिहून ठेवा. महिन्यातून एकदा बदला. बस.

पायरी ८: तरीही काही बदललं नाही तर

दोनदा नीट सांगितलं, दोन महिने थांबलात, आणि पहिल्या ढिगातली गोष्ट तशीच चालू आहे, तर व्यवस्थापक, घरमालक किंवा वरिष्ठ यांच्याकडे जा. जाण्याआधी त्या माणसाला तसं सांगून जा. खोली किंवा जागा बदलून मागण्यात कमीपणा नाही, दोन भली माणसं एका खोलीत न जमणारी असू शकतात. बदला मात्र घेऊ नका. भिंत बडवली, मुद्दाम मोठ्यानं गाणी लावली, त्याचं सामान लपवलं की त्या क्षणापासून त्रास देणारे दोघं होतात आणि तुमची बाजू ऐकून घ्यायला कुणी उरत नाही.

आणि हेही स्पष्ट असू द्या: धमकावणं, अंगाला हात लावणं, नजर ठेवणं, जाणूनबुजून अपमान करणं या ‘सवयी’ नाहीत. त्यांना या लेखातल्या पायऱ्या लावू नका, थेट मदत मागा.

पायरी ९: आता स्वतःबद्दल विचारा

टॉवेलच्या त्या संध्याकाळनंतर आम्ही दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या रात्री मी त्याला अलार्मचं सांगितलं, सगळे चार महिने. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की घरी आई उठवायची, अलार्मनं उठायची त्याला सवयच नव्हती, आणि मला झोपेत काही ऐकू येत नसेल असं तो समजून चालला होता. मग मी विचारलं, ‘आणि माझं काही?’ तो लगेच ‘काही नाही रे’ म्हणाला. हे उत्तर कुणीही देतं, तेवढ्यावर थांबू नका. मी पुन्हा विचारलं, ‘एक तरी सांग.’

तेव्हा त्यानं कपाट दाखवलं. रोज रात्री अकराला, तो झोपल्यावर, मी कपडे ठेवायला ते उघडायचो आणि बंद करताना दार खटकन आपटायचं. आधी तो दचकायचा. मग मी खोलीत आलो की डोळे मिटून त्या आवाजाची वाट बघत पडायचा.

मी जुन्या चपलेचा रबराचा तुकडा कापून त्याच रात्री दाराला आतून चिकटवला. त्यानं टॉर्च धरला होता.